दहा बाय तेराचा हॉल आणि पोटात सामान घेणारी बैठक

आमच्या घरातला थ्री सीटर सोफा विकला त्या संध्याकाळी सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढी जागा होती होय इथे!" नाशिकला पाथर्डी फाट्याजवळचा वन बीएचके, हॉल १० बाय १३ फूट. सोफ्याने एकट्याने सात बाय तीन फूट जमीन अडवली होती आणि त्याच्या पोटात होता नुसता स्पंज. पाहुण्यांच्या गाद्या मात्र बेडरूमच्या कोपऱ्यात चळत लावून, वर जुनं लुगडं पांघरून उभ्या होत्या.

सासूबाई पंचवटीतल्या वाड्यात वाढल्या. तिथे फर्निचर म्हणावं असं काही नव्हतंच. बसायला ओसरी, ठेवायला कोनाडे, फडताळं आणि माळा. भिंती दोन-दोन फूट जाड असल्यावर फडताळ भिंतीच्या आत मावतं. आपल्या फ्लॅटची बाहेरची भिंत सहा ते नऊ इंची, आतली चार इंची. ती कोरून कोनाडा काढायचा विचारही करू नका. पलीकडच्या खोलीत भगदाड पडेल, नाहीतर वायरिंगचा पाइप फुटेल. म्हणून वाड्याची युक्ती उलटी करायची. भिंतीच्या आत जागा नाही, तर भिंतीला लागून पेटी करायची आणि तिच्यावर बसायचं. अशी बैठक आमच्याकडे दोनदा झाली, कारण पहिली चुकली. ज्या क्रमाने काम करायला हवं होतं, तो क्रम खाली देते.

आधी सामान मोजा, मिस्त्रींना नंतर बोलवा

एका रविवारी कपाटावरचं, पलंगाखालचं, दारामागचं सगळं हॉलमध्ये काढा. घर दोन दिवस विस्कटतं, त्याला इलाज नाही. मग तीन ढीग करा: रोज लागणारं, महिन्यातून एकदोनदा लागणारं आणि वर्षातून एकदा लागणारं.

आमच्या तिसऱ्या ढिगात गणपतीचं मखर, आकाशकंदील, कुरडयांचा सोऱ्या, सासूबाईंच्या माहेरची पितळी परात आणि थंडीतल्या सहा गोधड्या निघाल्या. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सहा म्हणजे जास्त वाटणार नाहीत. दुसऱ्या ढिगात पाहुण्यांच्या चादरी, उशा आणि प्रवासाच्या बॅगा. पहिला ढीग सगळ्यात मोठा, पण बैठकीशी त्याचा फारसा संबंध नाही. रोज लागणारी वस्तू बसायच्या जागेखाली ठेवायची नाही. दिवसातून तीनदा कोण उठणार, गादी उचलणार आणि झाकण उघडणार? आठवड्याभरात ती वस्तू गादीवरच राहायला लागते.

आता टेप घ्या आणि प्रत्येक ढिगातली सर्वांत मोठी वस्तू मोजा. नुसती लांबी नाही, घडी केल्यावरची उंचीसुद्धा. आमची एक गोधडी घडी करून २२ बाय १७ इंच आणि जाडीला साधारण अडीच इंच भरली. चार गोधड्या एकावर एक म्हणजे दहा इंच. पेटीची आतली उंची किती हवी, हे त्या दहा इंचांनी ठरवलं. परात १९ इंच व्यासाची, तिने पेटीची पुढून मागची खोली ठरवली. हे आकडे हातात असले की मिस्त्री "ताई, नेहमीचं माप टाकतो" म्हणाले तरी आपण डगमगत नाही.

भिंत कोरडी आहे का

पहिल्यांदा आम्ही इथेच फसलो. खिडकीखालची पश्चिमेची भिंत बैठकीला छान दिसत होती. पेटी भिंतीला घट्ट चिकटवून केली. जून, जुलै बरा गेला. श्रावणात झाकण उघडलं तर आत कुबट वास, मागच्या प्लायवर पांढरट बुरशी आणि दोन गोधड्यांवर काळे ठिपके. एका गोधडीत सासूबाईंच्या आईच्या नऊवारीचे तुकडे होते. ते ठिपके अजून गेलेले नाहीत.

त्यामुळे आता ही चाचणी कुणालाही सांगते. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस बंद ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतली ओल आहे, ती त्या मानाने सोपी. शक्यतो पावसाळ्यात करा. मार्चमध्ये बहुतेक भिंती कोरड्याच असतात. पश्चिमेची, म्हणजे पावसाचा मारा खाणारी भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत, या दोन्हींवर आधीपासूनच संशय घ्या. ओल निघाली तर बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतल्याशिवाय तिथे लाकूडकाम नको. आतून कितीही चांगला रंग मारला तरी पाणी आपली वाट काढतंच.

भिंत कोरडी असली तरी पेटी आणि भिंत यांच्यात इंचभर फट ठेवा. मागच्या फळीला आणि खालच्या पट्टीला इंच-इंच व्यासाची चारपाच भोकं पाडायला सांगा, म्हणजे हवा खेळती राहते. भोकांना बारीक जाळी ठोका, नाहीतर झुरळं आयतं घर समजून येतील.

त्या भिंतीवर प्लग पॉइंट कुठे आहेत, तेही आत्ताच पाहा. आमच्या पहिल्या पेटीने एक पॉइंट गिळला आणि पुढची दोन वर्षं आम्ही टेबलफॅनला एक्स्टेन्शन वायर लावत होतो.

माप माणसाचं

बसायची उंची गादीसकट १७ ते १८ इंच असावी. गुडघेदुखी असलेलं कुणी घरात असेल तर १९. त्याखाली गेलात तर वडीलधाऱ्यांना उठताना हात द्यावा लागतो. हे माप वरून खाली मोजत या: गादी चार इंच, झाकण पाऊण इंच, पेटी ११ इंच आणि तिच्याखाली तीन इंचांची, आत सरकवलेली पट्टी. बेरीज पावणेएकोणीस होते, पण बसल्यावर गादी इंचभर दबते. खालच्या पट्टीत काटकसर करू नका. उठताना टाच मागे जायला तिथेच जागा मिळते, आणि फरशी पुसताना पाणी पेटीला लागत नाही.

खोली म्हणजे पुढून मागे. ताठ बसायला १८ ते २० इंच पुरतात. आम्ही २२ घेतली, कारण पाठीला उशा आहेत. हॉल मोठा असेल तर ३० इंच घ्या आणि मागे जाड लोड ठेवा. बसताना लोड आठनऊ इंच खातो, रात्री लोड काढला की एका माणसाची झोपायची जागा तयार. लोड-तक्क्यांची जुनी बैठक या बाबतीत सोफा-कम-बेडपेक्षा शहाणी. तिच्यात बिघडायला स्प्रिंग नाही की रुळ नाही. लांबी मात्र सहा फुटांपेक्षा कमी नको. २०१५च्या सिंहस्थात आमच्याकडे नातेवाईक आले तेव्हा हॉलमध्ये आडवं व्हायला जागा नव्हती. २०२७मध्ये पुन्हा येतील, तेव्हा निदान एकाची सोय पक्की आहे.

खिडकीखाली बैठक करणार असाल तर खिडकीचा कट्टा साधारण तीन फुटांवर असतो. दीड फुटाची बैठक गेली की उरलेला दीड फूट पाठ टेकायला मिळतो.

माप ठरलं की लगेच काम सुरू करू नका. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, चिकटपट्टीने बैठकीचा आकार आखून चार दिवस तसंच राहा. दार पूर्ण उघडतं का, बाल्कनीकडे जाताना पाय कागदावर पडतो का, हे आपोआप कळतं. चालायला अडीच-तीन फुटांची मोकळी वाट राहिली पाहिजे. आमच्या कागदावर तिसऱ्या दिवशी मुलाच्या सायकलची खूण उमटली. मग आम्ही बैठक नऊ इंच डावीकडे सरकवली.

एल आकाराचा मोह आवरा, असं माझं मत. कोपऱ्यात दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात, म्हणून तिथे कुणी बसत नाही आणि कोपऱ्याच्या पेटीतलं सामान काढायला अर्धं अंग आत घालावं लागतं.

प्लाय आणि कटिंग

प्लायवुडचं शीट आठ बाय चार फुटांचं येतं. बैठकीला १८ मिलिमीटर जाडी घ्या. दुकानदार आधी एमआर दाखवतील. एमआर म्हणजे थोडाफार दमटपणा सोसणारा प्लाय, पाणी सोसणारा नव्हे. तळाला आणि मागच्या फळीला तरी आयएस ७१०चा, म्हणजे मरीन प्लाय वापरा. शिक्का शीटवरच असतो, बिलावरही तोच नंबर लिहून घ्या. शीट उभं करून कडेने पाहा. थरांमध्ये पोकळी दिसली, तर स्क्रू नेमका त्या पोकळीत जाणार आणि सहा महिन्यांत बिजागरी हलायला लागणार.

आता कटिंग. मिस्त्रींची मजुरी हजेरीवर असो की चौरस फुटावर, प्लाय आपल्याच पैशाचा असतो, म्हणून कटिंगचा नकाशा कागदावर आपण काढावा. सहा फूट लांब आणि २२ इंच खोल बैठकीचा हिशेब असा बसतो. पहिल्या शीटच्या लांबीतून ७२ इंच घ्या. त्यात २२-२२ इंचांच्या दोन पट्ट्या, एक तळ आणि एक झाकण. ४८ पैकी ४४ इंच गेले. उरलेल्या चारातून तीन इंचांची खालची पट्टी निघते. प्रत्येक कापाला एखादं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, करवतीत जातं, तेवढं त्यात बसतं. शीटच्या दुसऱ्या टोकाला २४ बाय ४८चा तुकडा राहतो, त्यातून २२ बाय ११ची दोन टोकं आणि आत तीन कप्पे पाडणारे २० बाय १०चे दोन आडपडदे. दुसऱ्या शीटमधून पुढची ७२ बाय ११ आणि मागची ७२ बाय १०ची फळी. या शीटचा अर्ध्याहून मोठा भाग शिल्लक राहतो. तो मिस्त्रींच्या टेम्पोत जाऊ देऊ नका, पुढे लागणार आहे.

तीन कप्पे मिळून आतली जागा साधारण २४० लिटर भरते. मध्यम फ्रीजएवढी, आणि तीही बसायच्या जागेत फुकट.

झाकण

पहिल्या पेटीला आम्ही सहा फुटांचं एकच झाकण केलं होतं. दिसायला सुरेख. पण पाहुणे बसलेत आणि त्यांच्यासाठीच्या चादरी त्यांच्याच खाली, असा प्रसंग आला की तिघांनाही उठवावं लागे. सासूबाई एकदा चिडून म्हणाल्या, "ही काय बैठक झाली? ही तर उठबैठक!"

म्हणून झाकणाचे तीन भाग करा, २४-२४ इंचांचे. दोन आडपडदे बरोबर त्यांच्या सांध्याखाली येतात, त्यामुळे प्लाय मधे वाकत नाही. गाद्याही तीनच, झाकणांच्या मापाच्या. शिंप्याला किंवा गादीवाल्याला सलग गादीचा आग्रह करू देऊ नका.

दुसरी बारीक गोष्ट, जी आमच्या मिस्त्रीकाकांनी शिकवली. बिजागरी अगदी भिंतीलगत बसवली तर झाकण नव्वद अंशांपुढे जात नाही आणि आपण वाकलो की डोक्यावर येतं. म्हणून मागे तीन इंचांची पट्टी कायमची ठोकून टाकायची आणि तिच्या पुढच्या कडेला लांब पियानो बिजागरी. मग झाकण मागे कलून स्वतःच उभं राहतं. पट्टीसाठी वेगळा प्लाय लागत नाही, २२ इंचांच्या झाकणातूनच तीन इंच कापून निघतात. पट्टीच्या खाली मागच्या फळीला लाकडी आधार ठोकला की काम झालं.

हायड्रॉलिक पंप लावा म्हणून गळ घातली जाईल. एवढं झाकण जेमतेम चार किलोचं. पलंगासाठीचा जोरदार पंप लावला तर ते नीट बंदच होणार नाही. झाकण धरून हळू बंद करणारा एक छोटा दांडा, म्हणजे स्टे, पुरे. लहान मुलं असतील तर तो मात्र हवाच, बोटं चेमटण्याची भीती राहत नाही. उघडायला कडी किंवा मूठ नको, पोटरीला लागते. झाकणाच्या पुढच्या कडेला बोटं जातील एवढी अर्धगोल खाच करून घ्या.

दाराकडच्या एका कप्प्याला झाकणाऐवजी ड्रॉवर केलात तर लाइटची बिलं, औषधं, छत्र्या, अशा हाताशी हव्या असणाऱ्या वस्तूंची सोय होते. त्याला सरकवायला २० इंची टेलिस्कोपिक चॅनेल बसतं. चॅनेल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातं, तेव्हा ड्रॉवर उघड्या जागेपेक्षा इंचभर अरुंद हवा. सूतभर चूक झाली तरी ड्रॉवर अडतो. चपला मात्र त्यात नकोत. वर गादी, खाली चपला, हे सासूबाईंना चालत नाही आणि वासाचं म्हणाल तर मलाही.

जोडणी

प्लायच्या कडेत स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर थर फाटतात. दीड इंची स्क्रू आणि फेव्हिकॉल दोन्ही वापरा. काटकोन बघायचा तर तळाचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले की पेटी चौकोनात आहे.

पेटी भिंतीला धरून ठेवायला दोन-तीन फास्टनर लागतात. ड्रिल मारल्यावर पडणारा भुगा बघा. लाल असेल तर विटेची भिंत, साधा प्लग धरतो. राखाडी असेल तर फ्लायअॅशची वीट किंवा काँक्रीट. पांढरट आणि पिठासारखा असेल तर हलक्या ब्लॉकची भिंत. तिच्यात साधा प्लग काही दिवसांतच ढिला होतो. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात, तेच आणायचे.

आतून सनमायकाऐवजी पातळ लायनर लावला तरी चालेल. पण कोरा प्लाय ठेवू नका, कपड्यांना कुसळं लागतात. वाळवीचं औषध जोडणीच्या आधी मारायचं, तळाच्या खालच्या बाजूलाही. काम झाल्यावर झाकणं आठवडाभर उघडी ठेवून गोंदाचा आणि औषधाचा वास जाऊ द्या, मगच कपडे आत.

गादीला ४० डेन्सिटीचा फोम सांगा, जाडी चार इंच. मऊ लागतो म्हणून हलका फोम घेतलात तर वर्षभरात मधे खड्डा पडतो आणि झाकणाची फळी टोचायला लागते. खोळीला चेन हवीच.

उरलेला प्लाय आणि उरलेल्या जागा

दुसऱ्या शीटच्या शिल्लक भागातून आम्ही बेडरूमच्या दाराभोवती सहा इंच खोल फळ्या बसवल्या. दाराच्या बाजूला आणि वर, चौकटीला बिलगून. पुस्तकं, औषधं, देवाची पोथी, सगळा पहिला ढीग तिथे गेला. सासूबाई त्याला फडताळच म्हणतात.

स्वयंपाकघरात वर्षाचे गहू भरत असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा: ५० किलो गव्हाला साधारण ६५ लिटर जागा लागते. खिडकीखाली १५ इंच खोल कट्टा करून त्यात पत्र्याची कोठी सरकवता येते, वर बसून भाजी निवडता येते. कट्टा कडप्प्याचा करा, प्लायचा नको. मोरीजवळ प्लाय टिकत नाही. कोठी थेट भिंतीला किंवा जमिनीला टेकवू नका, खाली दोन पाट ठेवा. कांदे मात्र कुठल्याच बंद पेटीत नकोत. त्यांना वारा लागतो, हे नाशिककरांना मी काय सांगणार.

बाल्कनीत विटांचा कट्टा बांधायची हौस अनेकांना असते. एक घनफूट वीटकाम ५० किलोच्या वर जातं. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच भरीव कट्टा म्हणजे सातशे किलोच्या आसपास, आणि बाल्कनीचा स्लॅब बाहेर लोंबता असतो. इंजिनिअरला विचारल्याशिवाय वीट ठेवू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साडेतीन फुटी कठड्याला लागून दीड फुटाची बैठक केली, की तिच्यावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने कठडा दोनच फुटांचा उरतो. तिथे बैठक हवीच असेल तर ती घराच्या भिंतीला लावा, कठड्याला नाही. अंबड-सातपूरकडे फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत, लोखंडी चौकट करून घेता येते. चौकट हलकी पडते, पावसाला फक्त दर दोन-तीन वर्षांनी रंग लागतो.

गोदाकाठच्या जुन्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी अजून एक. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाणी मोजायची सवय आहे. तिथे जमिनीलगतची पेटी करूच नये. बैठक कडप्प्याची आणि खालून मोकळी, सामान सगळं माळ्यावर.

शेवटचे पैसे आणि पहिला पावसाळा

मिस्त्रींचा शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक झाकण दहा वेळा उघडून बंद करा, प्रत्येक झाकणावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला बसवा आणि कानाने ऐका. करकर झाली तर आडपडदा झाकणाला टेकलेला नाही, त्याच्यावर एक पातळ पट्टी घालून घ्या.

सामान भरताना झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा. आमच्या मधल्या झाकणावर लिहिलंय: गोधड्या ४, सोऱ्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला जुन्या सुती कापडात बांधून प्रत्येक कप्प्यात एक पुरचुंडी. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून हात मागच्या फळीवर फिरवा. गार आणि ओलसर लागली तर सामान त्याच दिवशी बाहेर काढा. कोरडी लागली तर ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत काही करायचं नाही. मग गोधड्या गच्चीत, झाकणं दिवसभर उघडी.